तेवढं एक बघा की, ताई

"पेटी जरा हळू वाजवायला सांगा गं, कीर्तनकार बाईंचं एक अक्षर कळेना झालंय!"

ऐकलं हं मी! तिसऱ्या ओळीतल्या मावशी, तुम्ही बोललात शेजारणीच्या कानात, पण पोचलं माझ्यापर्यंत. आता पदर तोंडाशी नेऊ नका. दामोदरपंत, पेटी जरा खाली घ्या... हां. आता येतंय कानावर? येतंय! बघा मंडळी, एका कुरकुरीनं अख्ख्या मंडपाची सोय झाली. मावशी गप्प बसल्या असत्या, तर तुम्ही सगळ्यांनी तासभर मान डोलावली असती आणि घरी जाऊन म्हणाला असतात — कीर्तन फार सुंदर झालं, विषय तेवढा कळला नाही!

तर आजचा प्रश्न हाच. कुरकुरणारा माणूस देवानं कशाला निर्माण केला? सासवांनो, सुनांकडे बघू नका! सुनांनो, तुम्हीही नका बघू! सरळ माझ्याकडे बघा आणि सांगा. जो रोज येऊन म्हणतो, "हे असं नको, तसं करा," तो आपला वैरी, की सोयरा?

आता देवाच्या दारात आपण तरी काय करतो? मोक्ष कोण मागतं हो! "देवा, गुडघा तेवढा बघ. देवा, नळाला पाणी जरा लवकर सोड." रोज एक बारीकशी दुरुस्ती! आणि तो कंटाळला का? कधी पाटी लावली का दारावर — आज तक्रारी बंद? नाही! का नाही लावली? ते या आख्यानात आहे. ऐका.

हळदीची एक पेठ होती. पिवळीधमक! रस्ता पिवळा, कुत्री पिवळी, चहाच्या कपाची कड पिवळी. तिथं सौदा व्हायचा रुमालाखाली. तुमच्यातल्या जुन्यांना ठाऊक असेल. खरेदीदार आणि अडत्या हातात हात घेणार, वर रुमाल टाकणार, आणि आत बोटं दाबून दर ठरणार. तोंडानं शब्द नाही! शेजारी उभ्या माणसाला पत्ता नाही! लग्नात इतका घट्ट हात धरला नसेल नवऱ्यानं, तितका इथं धरायचे!

मग काळ बदलला. रेवती मगदूम नावाची पोरगी तिथं आली. त्याच भागातली, पुण्यात शिकलेली. तिनं सौद्याचं यंत्र तयार केलं — फोनमध्ये बरं का! ढिगाचा नंबर बघायचा, दर लिहायचा, बटण दाबायचं. ज्याचा दर जास्त त्याची हळद. व्यापारी मंडळानं म्हटलं, एक हंगाम चालवून बघू. रेवतीनं नोकरी सोडली, पेठेतच एक खोली घेतली. यंत्र चाललं तर ती तरली, नाही तर पुन्हा पुण्याला जाऊन दुसऱ्याच्या दारात उभी! एवढं लक्षात ठेवा.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ! कुणाचा दर भलताच, कुणाची बोली दोनदा! रेवती रडकुंडीला आली. यंत्र तपासलं, चूक सापडेना. शेवटी उठली, सौद्यावर गेली आणि बघते तर काय? मोठमोठे शेठ रांगेनं उभे, एका हातात फोन — आणि फोनावर रुमाल! रुमालाखाली बोटं चाललेली! हसू नका, हात जन्मभर रुमालाखाली वळलेला, त्याला काय ठाऊक काच कशी असते! कापड काचेला घासायचं, बोली आपोआप जायची!

रेवतीनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागून आवाज आला — "ताई, तेवढं एक बघा की."

हे अण्णा तेरदाळे. पेठेतले वयानं सगळ्यांत थोर खरेदीदार. डोक्याला टोपी, कानाला अत्तराचा फाया. हळदीची कांडी मोडली की तिच्या आवाजावरून माल सांगायचे. "रुमालात बोट नुसतं लागलं तर दर पक्का होत न्हाई," अण्णा म्हणाले. "दाबून धरावं लागतं. तुमच्या बटणाला नुसता वारा लागला तरी ते पळतंय. त्याला दाबून धरल्याबिगर जाऊ नको म्हणा."

एवढंसं बोलणं! दुसऱ्या दिवशी बटण दाबून धरावं लागायला लागलं, आणि गोंधळ मिटला. रेवतीला वाटलं, काय गुणाचा माणूस!

तीन दिवसांत मत बदललं! कारण अण्णा रोज यायला लागले. सौदा संपला की जिन्यावर काठीचा आवाज, आणि — "ताई, तेवढं एक बघा की."

"अक्षर बारीक हाय ताई."

केलं मोठं.

"अजून बारीकच हाय की वो. ऊन पडतंय फोनावर."

पडदा काळा केला, अक्षर पांढरं केलं.

"बोली गेली का न्हाई, कळत न्हाई बघा. घंटी वाजू द्या."

घंटी बसवली. पण सगळ्यांच्या बोलीला एकच घंटी! "ही देवळाची झाली ताई. माझी गेली तर माझ्यापुरती थरथरू दे की."

रेवती वैतागली. काठीचा आवाज आला की हातातली पोळी ताटात टाकायची. एकदा तर म्हणाली, "अण्णा, पेठेत एवढे खरेदीदार, तुम्हालाच कसं रोज काही ना काही खुपतं?"

अण्णा हसले. "बाकीचे शहाणे हायत. मी आपला चष्मा घरात विसरतो."

रोज? मंडळी, रोज कोण चष्मा विसरतं?

मग एक दिवस अण्णा आले, फोन पुढं केला. "हे बघा ताई, हे असं दिसतंय. आकडा कुठं संपतो ते कळत न्हाई."

रेवतीनं फोन हातात घेतला.

फोन बंद होता! काच काळी ठिक्कर. आणि अण्णा तिच्यावर बोट ठेवून आकडा दाखवत होते.

काय करावं तिनं? तुम्ही काय केलं असतं? मी असते तर, "अगं बाई, अण्णा!" म्हणून ओरडले असते, आणि अर्ध्या घटकेत पेठभर झालं असतं! रेवतीनं फोन अण्णांच्या हातात परत ठेवला, आणि इतकंच म्हणाली, "हो अण्णा, बघते. आता चहा घेऊनच जा."

आणि ती कामाला लागली. यंत्राला वाचा दिली! कानात इयरफोनचं बोंड घालायचं, की यंत्र बोलायचं — ढीग कुठल्या गावचा, पोती किती, चालू दर काय, तुम्ही लावलेला आकडा काय. अण्णा कानात बोंड घालून सौद्याला उभे राहायला लागले. लोक म्हणायचे, म्हातारा भजन ऐकतोय!

आणि मंडळी, गंमत बघा. मोठं अक्षर मागितलं अण्णांनी, पण चाळिशी गाठलेली सगळी पेठ आता हात लांब न करता वाचायला लागली. थरथर मागितली अण्णांनी, पण गोंगाटात कुणाचीच बोली चुकेना. एकानं मागितलं आणि सगळ्यांच्या पानात पडलं! काठीचा आवाज आला की रेवती आता आधी आधण ठेवायची. तिला कळलं होतं — ज्याला यंत्र टाकून द्यायचंय तो जिना चढत नाही. जो रोज गुडघे दुखवत चढतो, त्याला त्या यंत्रातच राहायचंय!

देवालाही हेच कळलं असणार. म्हणून तर पाटी नाही लावली!

हंगाम संपत आला. मारुतीच्या देवळात मंडळाची सभा भरली. यंत्र ठेवायचं, की पुन्हा रुमाल? पुढं काय ठरलं ते आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको — यंत्र राहिलं. पण कसं राहिलं, ते ऐका.

भूपालशेठ चौगुले उठले. मंडळातले वजनदार. आणि त्यांची तक्रारही खोटी नव्हती बरं! "आज बटण उजवीकडं, उद्या डावीकडं! रोज नवं! एक अंगवळणी पडतंय तवर दुसरं! आम्ही सौदा करायचा का शाळेत जायचं? रुमाल बरा होता. आज्या-पणज्यांपास्नं एक टाका बदलला न्हाई त्यात!"

टाळ्या पडल्या. रेवती खांबाशी उभी. सगळी उत्तरं तिच्याजवळ होती. प्रत्येक बदल कुणासाठी केला ते नुसतं सांगायचं, की यंत्र वाचलं! जिभेवर आलं होतं. पण तिनं ओठ मिटून घेतले.

आणि अण्णा? अण्णांना तर काही करायची गरजच नव्हती! रुमाल परत आला असता तर त्यांच्याइतकं सुखी कोणी नव्हतं. रुमालाखाली डोळे लागतात कुठं? बोटं दाबली, काम झालं. त्यांच्या हिशेबानं मरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. नुसतं गप्प बसायचं होतं.

भूपालशेठना जोर चढला. "अक्षरं झाली हत्तीएवढी! घंटी झाली, थरथर झाली! आता तर यंत्र कानात बोलतंय! अरे, आपल्या पेठेत आंधळं कोण हाय, ते तरी एकदा सांगा की!"

सभा हसली. मग एकेक जण हसायचा थांबला. कुणी टोपी नीट केली, कुणी चपलेकडं बघितलं. कारण मंडळी, ठाऊक सगळ्यांनाच होतं! कितीदा कुणी न बोलता अण्णांचा हात धरून पायरी दाखवली होती. भूपालशेठनीसुद्धा! बोलण्याच्या भरात तोंडून गेलं, आणि आता ते बिचारे उभ्या उभ्या वाळले.

इथं थांबते क्षणभर, आणि तुम्हाला विचारते. तुमच्या घरात कोण आहे, जो रोज बारीकसारीक मागतो? "भाजी मऊ शिजव गं." "टीव्ही जरा मोठा कर रे." तुम्ही म्हणता, म्हाताऱ्याची कटकट! एकदा त्याचा बंद फोन हातात घेऊन बघा की. आणि तुमचं म्हणणं कारण न विचारता कुणी ऐकलं असेल, गुपचूप तुमचं ताट सोयीचं केलं असेल — त्याला तुम्ही कधी काही बोललात? आठवा. घाई नाही.

अण्णा उठले. काठी टेकली. रेवतीच्या खांबाकडं तोंड करायला गेले, ते जरा चुकीच्या बाजूला वळले. शेजारच्यानं हलकेच खांद्याला धरून फिरवलं.

"भूपाल, खाली बस बाबा. तुझं काय चुकलं न्हाई," अण्णा म्हणाले. "रुमाल आला तर माझं भागतंय. पर ह्या पोरीनं जे जे बदललं ते माझ्यापायी बदललं, आन ते मला सोडून कुणी सांगायचं न्हाई. तिनंबी न्हाई सांगितलं. आत्ताबी न्हाई सांगितलं." मग खांबाच्या दिशेनं हात जोडले. "ताई, रोज तुमच्याकडं मागत आलो. आभार मानायचं तेवढं राह्यलं. मानायला गेलो असतो तर कशाबद्दल, ते सांगावं लागलं असतं. आता सांगतो. मला दिसत न्हाई."