अंथरुणं खाली उतरवा

अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंच विजयमालाताई, तालुक्याहून आलेले शिक्षण विभागाचे साहेब, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते युसूफ गुरुजी, आणि समोर बसलेल्या माझ्या वाडीच्या माणसांनो, नमस्कार. बाहेर ऊसतोडीचे ट्रॅक्टर सामान भरून उभे आहेत. घाई आहे हे मला कळतं. तरी थोडं ऐका.

मी चतुराबाई. शाळेत गेले नाही. पुड्यांचे कागद वाचत अक्षरं जुळवली. परवा पेपरात वाचलं की आपल्यासारख्या कमी पावसाच्या माळावरची गावं हळूहळू रिकामी होणार. लिहिणाऱ्यानं दोष पाण्याला दिलाय. मग आपल्या वाडीतल्या तानाजीचं काय? त्यानं शेततळं केलं, सीताफळं लावली, ऊसतोड सोडली. पण गुरुजींची बदली झाल्याचं कळलं आणि त्याची सून पोरं घेऊन माजलगावला राहायला गेली. बाग इथं, घर तिकडं.

गुरुजींचं कौतुक मी काय करणार? एकच सांगते. माझे मालक, रामहरी, उसाच्या फडावर वारले. पुढच्या दसऱ्यानंतर टोळी निघाली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटी बाई अर्धा कोयता. मला कुणी घेतलं नाही. घरं बंद करून दारांना बाभळीच्या फांद्या लावून झाल्या होत्या आणि मी आपली रस्त्यात उभी. तेवढ्यात, पोरांना फडावर नेऊ नका म्हणत, गुरुजी ट्रॅक्टरपुढं आडवे आले.

टोळी नेणारे बजरंग मुकादम इथंच बसलेत. रागावू नका मुकादम, तुम्ही म्हणालात तसंच सांगते. "सरका गुरुजी. पोरं ठिवायची कुणापाशी? म्हाताऱ्यांला सोताचं पाणी घेता येईना."

"तुमचा मुलगा बीडला शिकतोच ना, मुकादम?"

"त्याला तिथं मामा हाय. हितं कोण हाय?"

मीच म्हणाले, "मी हाय की. मला तर कुणी न्हेईना."

त्या दिवशी पोरांची अंथरुणं ट्रॅक्टरवरून खाली उतरली. तेव्हापासून दरसाल उतरतात. माझ्या घरात रामहरींच्या जागेवर आता पोरं आडवी होतात. झोपेत आईला हाका मारतात, मी ओ देते.

साहेब, गुरुजींच्या जागी कोण येणार, हे मी मघाशी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बघू." त्या 'बघू'नं इथले आईबाप घाबरलेत. शिकवायला कुणी नाही म्हणून ते पोरं नेणार, आणि पोरं नाहीत म्हणून तुम्ही शाळा बंद करणार. मग ही टोळी परत यायची कशासाठी? आणि बायांनो, तुमचंही चुकतंय. आजच शाळा रिकामी केलीत, तर साहेबांना बघायलाही काही उरणार नाही.

शाळेतली पोर शिवकन्या पुढंच बसलीय. तिची वाकळ मला खिडकीतून दिसतेय, ट्रॅक्टरवर, हंड्याखाली दाबलेली. ती खाली घ्या. नवे गुरुजी येईपर्यंत शाळा मी उघडीन, मला येतं तेवढं वाचून घेईन. साहेब, जेवून लगेच निघू नका. ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबा आणि मागं कोण राहिलं ते डोळ्यांनी बघून जा.

गुरुजी, तुमच्यासाठी शाल आणलीय, ती ताई देतील. ताईंनी मला बोलू दिलं, त्यांचे उपकार. मोठ्या माणसांपुढं आवाज चढला असेल तर पोटात घाला. हंडा जड आहे. वाकळ काढायला कुणीतरी हात लावा.