उलटा गणवेश

आपल्या रत्नागिरीत शाळा कशापुढे झुकते, ते ऐका. माझी सात वर्षांची पुतणी सई. कपड्याची शिवण अंगाला लागली की ती अक्षरशः तडफडते. मी परदेशात अशाच मुलांवरचे उपचार शिकून आलोय, म्हणून वहिनीला म्हटलं, गणवेश उलटा घाल, शिवण बाहेर राहील. सई पहिल्यांदाच दिवसभर शांत बसली. दुसऱ्याच दिवशी बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं.

सईच्या तपासणीचा अहवाल घेऊन मी आणि वहिनी हेडसरांकडे गेलो. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

“आमची पोरं काटेरी फणस खांद्यावरून आणतात, आणि हिला शिवण टोचते? लाड आहेत सगळे.”

मी मेंदू, मज्जासंस्था, मुलांचे हक्क, सगळं तावातावानं सांगितलं. ते घड्याळ बघत होते. शेवटी वहिनी हळूच म्हणाली, “सर, खरं सांगू? हेदवीच्या गणपतीला नवस बोललोय आम्ही, उलट्या कपड्यांचा.”

नावापुढे तीन पदव्या लावणाऱ्या सरांनी बसल्या जागी हात जोडले. “मग हे आधी नाही सांगायचं? बसू दे तिला वर्गात. किती दिवसांचा आहे?”

“दहावीपर्यंतचा,” वहिनी म्हणाली.