एकाच भाषेपुरती जागा

नाही रे भिया, इंग्रजी नको. ते उदाजीरावांचं खूळ आहे, माझं नाही. तुला फोन करून सांगितलं असेल ना त्यांनी, इंग्लिश स्पीकिंगचं टाका, पोरं धावत येतील — वाटलंच मला. समाजाचे अध्यक्ष आहेत, त्यांना उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? इथे रोज झाडू मारून, दिवा लावून बसते मी. बाहेर पाटीवर काय लिहिलंय? महाराष्ट्र समाज, देवास, मराठी वर्ग. मग कॉम्प्युटरवर मराठीच पाहिजे. ते पुण्याच्या लोकांचं आहे बघ यात, चित्र येतं आणि खाली तीन शब्द, बरोबर असेल तो दाबायचा — तेच नीट करून दे, मध्येच अडकतं. आणि बस की, उभा का? ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घे. मयुरेश म्हणालास ना? धारचा? म्हणजे आमच्यातलाच तू, घरी मराठी बोलत असाल. — समजतं, पण बोलता येत नाही? हं. सगळे हेच सांगतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तुझा तरी काय दोष.

हो, ही बटनं चिकटतात. दसऱ्याला पूजा केली ना आम्ही त्याची. नवीन वस्तू आली की नारळ वाढवायलाच पाहिजे, उदाजीराव म्हणाले. आता तुमच्या कंपनीने वापरून टाकलेली वस्तू, तिला नवीन म्हणायचं म्हणजे — पण दान आलेलं, आपण कशाला नावं ठेवायची? मी म्हटलं, अहो, बाहेर पायरीवर वाढवा. तर नाही, देवासमोर वाढवतात तसा यंत्रासमोरच वाढवणार. निम्मं पाणी त्या बटनांच्या फळीत. तेव्हापासून एक दाबलं की दोन उमटतात. हसू नकोस, हस, हस, मला पण आलं होतं हसू. वर हळद-कुंकू वाहिलं ते त्या जाळीतून आत गेलं असेल, उघडून बघ एकदा. बाकी पीथमपुरात तुमच्याकडे साहेब लोक नारळ नाही वाढवत का मशीनला? वाढवतात ना? मग झालं.

मुलं? येतील की. संध्याकाळची वेळ असते. आज जरा — आज बहुतेक कोचिंगची टेस्ट आहे सगळ्यांची. फोटो पाहिजे तुला, माहीत आहे मला, मुलं बसलेली, मागे तुमच्या कंपनीचं बॅनर. गल्लीतल्या गुंजनला बोलावते, ती येईल फोटोपुरती, गोड मुलगी आहे. ती यायची ना आधी, खूप आवडीने यायची. मग एकदा त्यात जामाचं चित्र आलं. तिने तीनही शब्द वाचले, एक-एक अक्षर लावून, आणि जाम कुठे सापडेना. पुण्याच्या लोकांनी पेरू लिहिलेलं. तिला काय माहीत पेरू, आपल्या मालव्यात सात पिढ्या मराठी बोलणारेसुद्धा जामच खातात. तिने काहीतरी दाबलं, यंत्राने टर्र केलं आणि लाल फुली मारली. माझ्याकडे वळून म्हणते कशी, आजी, हमारे घर की मराठी गलत है क्या? मी म्हटलं नाही गं बाई, यंत्र खुळं आहे. पण दुसऱ्या दिवशी आली नाही ती. आणि ती नाही म्हणून तिच्यासोबतची पण नाही.

मतलब — आता तू विचारलंसच म्हणून सांगते. कुणीच येत नाही रे. दिवाळीपासून नाही. वर जाऊन सांगशील का हे? सांगू नकोस. कॉम्प्युटर उचलून न्याल तुम्ही, दुसऱ्या कुणाला द्याल, आणि ते बरोबरच आहे तुमच्या जागी. पण वापर होतोय त्याचा, खोटं नाही बोलत. रोज होतोय. ते बसलेत ना खिडकीपाशी, शाल घेऊन, आमचे हे. तात्या म्हणतात सगळे. ते वापरतात.

एवढं काय बघतोस? विद्यार्थीच आहेत ते. हा वर्ग त्यांनीच काढला. कन्नौदला सरकारी शाळेत गणित शिकवायचे, हिंदीत, तिथली पोरं मास्साब म्हणायची, आणि रविवारी बसने येऊन इथे मराठी. फुकट. रिटायर झाल्यावर इथेच मागच्या दोन खोल्यांत राहायला आलो, वर्गाजवळ राहावं म्हणून. घरात हिंदीचा शब्द आला की दंड — स्वयंपाकघरात मी आलू म्हटलं तरी बटाटा म्हण म्हणून बसायचे, इतके कडक. मग होळीच्या सुमारास लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले वाचा येईल, धीर धरा. धरला. आणि आली खरंच. पहाटे मी कूस बदलली तर माझ्याकडे बघून म्हणतात, बहनजी, पानी मिलेगा?

बहनजी. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली आमच्या. मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती रे. हिंदी सगळी आली परत, पाढेसुद्धा, आणि मराठी पुसली गेली पाटीवरून पुसावी तशी. इंदूरला मोठ्या डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला होतं असं कधी-कधी, दोन भाषा येणाऱ्याची एकच परत येते, कोणती येईल ते आपल्या हातात नाही. मी म्हटलं, पण आरती तर म्हणतात हो संध्याकाळी, न अडखळता, मराठीच आहे ना ती? तर म्हणाला, ते तोंडपाठ आहे, माँजी, ती भाषा नव्हे. असं कसं नव्हे? मी नाही ऐकलं त्याचं. जे तोंडात आहे ते डोक्यात कुठेतरी असणारच, हो की नाही? तू इंजिनीयर आहेस, तूच सांग.

म्हणून मी हट्ट धरला. हिंदीला उत्तरच द्यायचं नाही. पानी म्हणाले तर ऐकलंच नाही असं करते, पाणी म्हणा, मग देते. एकदा उन्हातून आले होते, किती वेळ म्हणत राहिले, पानी, बहनजी, पानी — आणि मी तांब्या हातात धरून उभी. शेवटी दिलं. देणारच ना, वैरीण थोडीच आहे मी? मला काही फार नको होतं. पूर्वी बाहेरून आले की चपला काढता-काढता अगं म्हणायचे. नावाने कधी हाक मारली नाही, सरला म्हणून आमच्यात कुठे म्हणतात, नुसतं अगं. तेवढं एकदा आलं असतं तरी पुरे होतं. म्हणून हे चित्रांचं यंत्र आलं तेव्हा मला वाटलं, देवीच पावली. रोज बसवते. मांजर येतं, ते बिल्ली म्हणतात. खालचे शब्द वाचतात, अक्षरं तीच आहेत ना, वाचता येतात, पण कळत नाही एकही. मग घाबरत एखादा दाबतात, टर्र होतं, आणि हात असा शालीखाली घेतात. ज्याने जन्मभर पोरांना शिकवलं त्याने —

काय लावलंस ते, तुझ्या पेनड्राइव्हवरून? हिंदीचं? मी मागितलं का तुला? बरं, बघते, बघायला काय जातं. तशीच चित्रं आहेत की. आवाज कमी कर, हे उठले बघ. अहो, तुम्ही कशाला उठलात, पडाल — सरक रे, बसू दे त्यांना. हात धरू नकोस, डाव्याने येतं त्यांना. छत्री आहे ती. हं. छाता. — टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवतं हे? पुढचं काय, चिमणी. चिड़िया. परत टाळ्या. अगंबाई, हसले. पाहिलंस तू? होळीपासून हसले नव्हते रे, ओठ वाकडा झाला तरी कसे हसले, खणखणीत, शाळेतला सगळा वर्ग बरोबर आल्यावर हसायचे तसे.

थांब. आमचं मराठीचं लाव एकदा. लाव तर, एकदाच. — हे मांजर आहे हो. बघा ना. माझ्याकडे नका बघू, तिथे बघा. मांजर. म्हणा. — बंद कर. बंद कर तो आवाज, आधी बंद कर.

दोन्ही नाही बसणार म्हणालास ना यात? काही केल्या? नारळाचं पाणी पुसलं तरी? — बरं, तसं नव्हे, जागाच नाही. एकाच भाषेपुरती जागा आहे. हो, कळलं मला, परत-परत काय सांगतोस.

मग हे काढ. मराठीचं. हो, पूर्ण काढ, हिंदीचं राहू दे. उदाजीरावांना मी सांगते काय सांगायचं ते. मला हिंदी येते रे, देवासात जन्म गेला, भाजीवाल्याशी काय इंग्रजीत बोलते? फक्त यांच्याशी कधी बोलले नव्हते. दाब ना ते बटन, माझ्याकडे काय बघतोस. — गेलं? इतक्यात गेलं?

काय म्हणताय? — हाँ मास्साब. हाँ, देख रही हूँ. सब सही है आपका. आप करिए, मैं यहीं बैठी हूँ.

तू जा रे आता. फोटो राहू दे. धारची बस जाईल तुझी.