डिंकात खडू

माझं माहेर धुळ्याकडचं. गाव लहान, शाळा लहान, आणि मी दुसरीतच सोडली, कारण धाकट्या भावंडांले सांभाळायले घरी कोणी नव्हतं. माय कापूस वेचायले जाये, आणि वेचणी सरल्यावर बोंडांत जे चिकटून राहते ना, ते शेतमालकाले विचारून परत एकदा वेचून आणे, त्याच्या उश्या भरे, आणि म्हणे, पोरी, टाकनारानी टाकी दिधं, त्यानं काम सरनं, आते आपलं काम शे, म्हणजे टाकणाऱ्याचं काम संपलं, आता आपलं सुरू. तुम्ही म्हणाल रंगाचं विचारलं अन् ही कापसाचं सांगते, पण माझ्या डोक्यात ते तिथूनच आलं.

लग्न करून मेहरूणले आली, शहराच्या कडेच्या वस्तीत. माझा नवरा दाल मिलमध्ये हमाल व्हता. ऐंशी सालाच्या पुढे मले शहरातल्या एका मोठ्या शाळेत शिपाई म्हणून घेतलं, झाडणं, वर्गातला फळा पुसणं, घंटा देणं. त्या शाळेत दरवर्षी चित्रकलेची सरकारी परीक्षा होये, एलिमेंटरी म्हणतात तिले, दुसऱ्या शाळांची पोरंही येत, पण रंग ज्याचे त्यानं आणायचे. आणि परीक्षा संपली की काय सांगू तुमले, बाकाखाली अर्ध्या भरलेल्या बाटल्या, कडक झालेले ब्रश, तळाशी खपली धरलेला रंग, बठ्ठं, सगळंच्या सगळं तसंच टाकून पोरं निघून जात. आणि आमच्या गल्लीतली पोरं, नगरपालिकेच्या शाळेतली, माझी पोरगी वनिता त्यांच्यातच, कोळशानं भिंतीवर असा बैल काढत की पाहत राहावं, पण परीक्षेले बसत नसत. का, तर रंग नाही. मले हे पटेना. मी चित्रकलेच्या सरांले विचारलं, हे नेऊ का. सर म्हणे, मावशी, कचराच आहे तो, न्या.

दोन वर्षं गोळा केलं मी. खपल्या फोडल्या, भिजवल्या, ब्रश रिठ्याच्या पाण्यात मऊ केले. पण वाळलेला रंग नुसत्या पाण्यानं कागदावर धरत नाही, भुकटी होऊन झडतो, त्याले डिंक लागतो. जवळच्या असोदा गावाले माझी नणंद दिलेली, तिच्या बांधावर बाभळी, तिनं पिशवीभर डिंक दिला. आणि इथंच माझी अक्कल गेली. म्हटलं पोरांच्या कामात हात कशाले आखडायचा, घातला सढळ. रंग असा चकाकला की गल्ली पाहायले आली. सात पोरं परीक्षेले बसली, आमच्याच शाळेत, आणि मी दाराशी उभी, छाती ही एवढी.

परीक्षा झाली, सरांनी कागद एकावर एक ठेवले, गठ्ठा बांधायच्या आधी मोजायले उचलले, तर सात कागद एकदम वर आले. ऑक्टोबरची गरमी, डिंक पाघळलेला. सर अलग करायले गेले तर याचा रंग त्याच्या पाठीवर. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. सातही नापास. वनिता म्हणे, आई, आमचे हात चांगले व्हते, तुझा रंग वाईट व्हता. खरंच बोलली, पण चार दिवस मले भाकर गोड लागली नाही. सर म्हणे, मावशी, आता हे बंद करा, पोरांचं नुकसान होतं. मी म्हटलं, सर, एक वर्ष द्या. सर म्हणे, मग आधी मले करून दाखवा, कागद चिकटला नाही पाहिजे.

आता डिंकाचा चिकटपणा घालवायचा कसा? दिवाळीले घरात चुना देत व्हती. चुना अंगाले लागू नये म्हणून आपण त्यात डिंक घालतोच ना. मग म्हटलं, डिंक अंगाले लागू नये म्हणून त्यात चुना घातला तर? घातला. चिकटपणा गेला, पण दुसऱ्या दिवशी निळा पाहिला तर त्याचं तोंडच उतरलेलं, चुन्यानं रंग खाऊन टाकला. तशीच सुट्टी सरल्यावर सोमवारी शाळेत फळा पुसत उभी, अन् हाताकडे पाहिलं, हात पांढरा. म्हटलं बाई, खडू रोज तुझ्या हातात शे, याचं तर कोणाशी भांडण नाही. खडूचे तुकडे पाट्यावर बारीक वाटले, फडक्यातून गाळले, डिंक निम्म्याहून कमी केला, अन् कालवलं.

सरांनी दोन रंगवलेले कागद तोंडाले तोंड लावून ठेवले आणि त्यावर हजेरीची बठ्ठी जाडजूड रजिस्टरं रचली. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत. त्या दिवशी घंटा मी दोनदा चुकवली. संध्याकाळी सरांनी रजिस्टरं काढली, कागद धरला, तर असा अलग झाला, केळीच्या पानावरून पान उचलावं तसा. रंगाचा कणही इकडचा तिकडे नाही. सरांनी बोट फिरवलं, परत फिरवलं, अन् म्हणे, मावशी, बाजारात असा सपाट रंग मिळत नाही.

पुढच्या परीक्षेले तीच सात पोरं बसली, अन् सातही पास. वनिताले बी ग्रेड आली. ए आली तिच्या मैत्रिणीले, वीटभट्टीवरच्या मजुराच्या पोरीले. वनिता फुगून बसली, अन् मी दोघींच्याही तोंडात गूळ घातला. रडली मी, सरांपुढेच रडली, लाजली नाही.

मग दरवर्षी पोरं वाढली, असोद्याहूनही यायले लागली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझ्या ओसरीवर रांग लागे, प्रत्येकाच्या हातात रंग घ्यायले औषधाच्या बाटलीची झाकणं. रांग आताही लागते. मागच्या साली त्या रांगेजवळ रिक्षा थांबली, एका वकिलाच्या बाई उतरल्या, मुलाच्या हातात ही मोठी विकतची पेटी. म्हणे, मावशी, याले तुमचाच पिवळा पाहिजे, सपाट बसतो म्हणतात, आम्हाले घाई आहे. मी म्हटलं, बसतो ना बाई, देते ना, पण आधी ज्याच्याजवळ काहीच नाही तो, मग पेटीवाला. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मुलाचा हात धरून शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्यालेही भरपूर दिला मी, झाकण भरून दिला, त्याचंही चित्र चांगलं होवो, लेकरूच ते. पण नंबर आल्यावर दिला.