आपोआप उतरतंय

"बारीक झालास रे" असं कुणी म्हटलं की मी विषय का बदलतो, ते आज सांगूनच टाकतो.

गेल्या वर्षी माझा वजनाचा काटा चौऱ्याऐंशीवर अडकला होता. पेनरोजच्या ऑफिसला जाण्याआधी रोज जिम, जेवायला नुसतं सूप, तरी तीन महिने शंभर ग्रॅमसुद्धा हलेना. तेव्हा आई नागपूरहून इथे परदेशात, मनुरेवाला माझ्या घरी राहायला आलेली. रोज सकाळी काट्यावरून उतरलो की मी तिच्यासमोरच चिडचिड करायचो.

एकदा बघतो तर ती सुईदोरा घेऊन बसलेली.

"काय गं करतेस?"

"ब्लाउज ढगळ झालेत रे. आत घेते."

मी तिला काट्यावर उभं केलं. आली तेव्हा अडुसष्ट होती, आता एकोणसाठ!

"आई, कमाल आहे! करतेस तरी काय?"

"काहीच नाही रे. आपोआप उतरतंय."

"नशीबवान आहेस," म्हणालो आणि बॅग उचलून जिमला गेलो.

पुढे तिची पोटदुखी लपेना म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तोवर फार उशीर झाला होता. मी ओरडलो, "दुखत होतं तर बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तू आधीच वजनापायी वैतागलेला, त्यात माझं कुठे सांगत बसू?"

ती गेली आणि दोन महिन्यांत माझे सात किलो उतरले. ना जिम, ना डाएट. परवा ऑफिसच्या किचनमध्ये सहकारी क्रेगने पाठीवर थाप मारली.

"खूपच कमी झालास, मेट! करतोस तरी काय?"

"काहीच नाही. आपोआप उतरतंय."

तर हसून म्हणाला, "लकी यू!"