अणूचा धडा

माझ्या पणतूचं बारसं झालं त्या वर्षी, जून महिन्यात, मी इंदापूरहून बारामतीला एसटीने निघालो होतो. पुढच्या बाकावर आमच्या वरकुट्याच्या अक्काबाई होत्या. नात प्रियदर्शनीला अकरावीसाठी वसतिगृहात सोडायला त्या चालल्या होत्या.

"आज्जे, तितल्या पोरींचे आई-बाप डॉक्टर, प्रोफेसर. अडलं की घरीच इचारत्यात. मी कुणाला इचारू?"

"धाव्वीपतुर कुणाला इचारलंस?"

"कुणाला न्हाय. जेवणं झाली की तुला धडा सांगायची. पर तुला कुठं काय कळायचं?"

"न्हाय कळलं की माझा डोळा लागायचा."

"अणूच्या धड्याला तीन दिस घोरलीस तू."

"आन् चौथ्या दिशी?"

"जागी ऱ्हायलीस. वर मलाच इचारलंस, अणू एवढा बारका, तर मोजला कुणी?"

"मग? तवा तुला सांगता आलं."

"आता कुणापुढं सांगू?"

"फोन लाव की रोज. घोरणं ऐकू आलं, तर पयल्यापास्नं सांग."

"आन् तुला खरंच झोप आली आसंल तर?"

"मग गप झोपू दे, बये."

अक्काबाई दोन वर्षांनी, नात बारावी पास झाल्याचं ऐकल्यावर, आषाढात वारल्या.