राखणीच्या कोंबड्याचं पाणी

— बसा हो डाक्टर, मेलेला कोंबडा काय पळून जातोय? अंबाजीनं बोलावलंय ते ठाऊक हाय मला, पण माझ्या दारावरनं चाय न घेता जाल व्हय? अन् खरं सांगू, चिरूच नका त्याला. आत काय निघंल ते मी इथं बसून सांगते — मूत्रपिंडं सुजलेली, अन् काळजावर, कलेजीवर चुना फासल्यागत पांढरं. मला कसं ठाऊक? आता घ्या, गेल्या साली माझ्या कोंबड्या मेल्या तेव्हा ह्याच ओट्यावर तुम्हीच न्हाय का एक चिरून दाखवलीत? तुम्हीच म्हणालात — सत्यवतीबाई, पाखराची लघवी वेगळी नसते, विष्ठेवर पांढरं दिसतं ना, तीच. रक्तातली घाण मूत्रपिंड ओढून बाहेर टाकतं, पण खारट पाणी पोटात जात राहिलं की ते हात टेकतं, मग घाण आतच साचून चुना होते. सगळं ध्यानात ठेवलं मी.

अन् खारट पाणी आलं कुठनं? अंबाजीच्या पिंपातनं. मासळी खारवायचा अन् ते पाणी माझ्या परसात ओतायचा मेला. ओतू नको म्हटलं तर म्हणतो, कोंबड्या बांधून ठेव. वर देवळात चारचौघांत हसला. प्रणालीच्या बाळंतपणासाठी वाढवल्या होत्या हो मी त्या. पोरगी माहेरी आली अन् रश्श्याला एक उरली न्हवती.

आता हा त्याचा कोंबडा राखणीचा, देवाच्या नावानं सोडलेला. त्याला कुणी हाकलायचं न्हाय, दारात आला की दाणापाणी ठेवायचं, रीतच हाय. मीपण ठेवलं, रोज. उन्हाचा यायचा बिचारा — पाखराशी माझं वैर न्हवतं — जितकं प्यायचा तितकी त्याला तहान लागायची. उद्या राखण, गावाच्या राखणदाराला कोंबडा द्यायला अख्खं गाव जमणार, अन् अंबाजीकडं नवसाचा कोंबडाच न्हाय. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

मीठ? मिठाचं कुठं बोलले मी? पाणी ठेवलं म्हटलं. त्या वाडग्याकडं काय बघता — आता धुतलाय मी तो. अन् कप का खाली ठेवलात? प्या हो, त्यात साखरच हाय.

नको? बरं, राहू दे. जावा तुम्ही, तो वाट बघत असंल. त्याला सांगा, कोंबडा बांधून ठेवायचा होता.